स्मृतिगीतांचा आस्वाद : ‘तोच चंद्रमा नभात’ या भावगीताच्या संदर्भात

स्मृतिविषयक भावगीतांची चर्चा आपल्याकडे बहुधा कवी व संगीतकार यांच्याभोवती फिरते. ऐकणाऱ्याच्या मनात त्या गीताचे काय होते, हा प्रश्न मागे राहतो. प्रस्तुत लेखात शांता शेळके यांनी लिहिलेल्या आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध करून गायिलेल्या ‘तोच चंद्रमा नभात’ या एकाच गीताच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

या गीताचे बीज शीलाभट्टारिका या संस्कृत कवयित्रीच्या श्लोकात आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या पहिल्याच उल्लासात तो उद्धृत केला आहे. श्लोकातील नायिकेचा प्रियकर तोच आहे, चैत्राच्या रात्री त्याच आहेत, तीही तीच आहे. तरी तिचे मन रेवातीरी वेतसीखाली झालेल्या पूर्वीच्या भेटींसाठी झुरते. स्थळ दुरावले आहे, ओढ शिल्लक आहे. शांताबाईंनी येथे मूलगामी बदल केला. त्यांच्या गीतात स्थळ, काळ, माणसे सारी जागच्या जागी आहेत. नाहीशी झाली आहे ती ओढच. बोलणाराही स्त्रीऐवजी पुरुष झाला आहे. मराठी प्रेमगीतांत इतकी निष्ठुर कबुली क्वचितच आढळेल, असे मला वाटते.

श्रोत्यांनी मात्र या गीताला चांदण्याचे गीत मानले. कोजागरीच्या मैफलीत ते आवडीने गायिले जाते. (गीतातील रात्र चैत्राची, कोजागरी आश्विनातली, हे कोणाला खटकत नाही.) यमनाची प्रसन्न छाया आणि फडके यांचा संयत स्वर यांमुळे शब्दांतील रितेपण सौम्य होते, हे खरे. पण कारण तेवढेच नसावे. तोच चंद्र तीच भावना परत आणीत नाही, असे गीत सांगते; तेच गीत तीच भावना परत आणते, असा साठीतल्या श्रोत्याचा अनुभव असतो. २००२ साली दोन महिन्यांच्या आत शांताबाई आणि फडके दोघेही गेले, आणि गीताला त्यांच्या आठवणीचाही एक पदर जोडला गेला.

हा अर्थाचा विपर्यास मानावा काय? याच श्लोकाचे पूर्वी काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. पुरीला जगन्नाथाच्या रथापुढे चैतन्य महाप्रभू तो म्हणत. लौकिक शृंगाराचा हा श्लोक ते का म्हणतात, हे स्वरूप दामोदरांखेरीज कोणास उमगत नसे, असे कृष्णदास कविराज ‘चैतन्यचरितामृता’त सांगतात. पुढे रूप गोस्वामींनी तोच भाव कुरुक्षेत्री कृष्णाला भेटलेल्या राधेच्या मुखी घातला.

याहून बोलके उदाहरण कालिदासाचे आहे. नाशिकच्या ज्या कलामंदिरात आपण भावगीते ऐकतो, त्याला नाव याच कवीचे आहे. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गीत कानी पडते. आम्रमंजरीला विसरलेल्या भ्रमराविषयीची तक्रार त्यात आहे. ते ऐकून दुष्यंत व्याकुळ होतो, पण आपण कोणाला विसरलो हे त्याला कळत नाही; जन्मांतरीचे काही आठवत असावे, असे तो म्हणतो. विस्मरणाचे गीत येथे स्मृती चाळवते, आणि ती स्मृती गीताच्या विषयाबाहेरची असते. आपला श्रोताही तेच करतो.

तथापि कार्यक्रमांच्या आयोजकांना ही सवलत देता येणार नाही. हरवलेल्या प्रीतीविषयीचा उघड प्रश्न गीताच्या उत्तरार्धात येतो. वेळेअभावी तो भाग गाळला की खरोखरच केवळ चांदणे उरते, आणि श्रोत्याला आपल्या स्मृतीने ज्याच्याशी झुंजावे ते काही राहतच नाही.