विरोधाभास समुद्रात की शब्दात?

तत्त्वज्ञानाच्या माणसाला समुद्रातल्या सूक्ष्म जीवांशी काय देणेघेणे, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. आम्ही ते जीव मोजायला आलेलो नाही. त्यांच्याविषयी एक वाक्य गेली तीसेक वर्षे अभ्यासकांमध्ये फिरते आहे, ते तपासायला आलो आहोत. वाक्य असे : ‘अरबी समुद्रात एक विरोधाभास आहे.’ इंग्रजीत त्याला ‘अरेबियन सी पॅरॅडॉक्स’ म्हणतात. आज आपण समुद्राची नव्हे, या नावाची समीक्षा करणार आहोत. पण त्यासाठी आधी समुद्रात काय घडते ते बघायला हवे.

समुद्रात जे स्वतःच्या बळावर प्रवाहाविरुद्ध फार दूर जाऊ शकत नाही, ते सारे प्लवक. त्यातले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे ते वनस्पतिप्लवक. दुसऱ्याला खाऊन जगणारे ते प्राणिप्लवक. प्राणिप्लवकात सर्वाधिक संख्या बहुधा कोपेपॉडांची. कोळंबीचे हे दूरचे नातेवाईक. त्यातले पुष्कळसे तांदळाच्या दाण्याहूनही लहान. बांगड्यासारख्या माशाचे पोट यांच्यावर भरते. म्हणजे आपल्या ताटातल्या बांगड्याच्या मागे हे उभे आहेत.

आता ऋतू. अरबी समुद्र वर्षातून दोनदा हिरवा होतो. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याशी, आणि आपल्याकडे केरळच्या बाजूला, खालचे थंड, पोषक क्षारांनी भरलेले पाणी वर येते आणि वनस्पतिप्लवकांना बहर येतो. हिवाळ्यात ईशान्येकडून कोरडे गार वारे वाहतात, उत्तर अरबी समुद्राचे वरचे पाणी थंड होऊन जड होते, खाली बुडते, पाण्याची घुसळण होते आणि पुन्हा क्षार वर येतात. मधले दिवस, मार्च ते मे, भाकड. पाणी तापलेले, वारा मंद, वरचा थर खालच्यापासून तुटल्यासारखा. क्षार नाहीत, म्हणून बहर नाही.

मग अपेक्षा काय? बहरात प्राणिप्लवक वाढावेत, भाकड दिवसांत घटावेत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडले ते वेगळेच. समुद्राच्या वरच्या घुसळलेल्या थरात मध्यम आकाराच्या प्राणिप्लवकांचे एकूण वस्तुमान ऋतूंप्रमाणे फारसे बदलत नाही. बाहेर सुगी असो की दुष्काळ, घरातली माणसे तेवढीच! या निरीक्षणाभोवती ‘विरोधाभास’ हे नाव रूढ झाले.

आता आमचे काम सुरू होते. विरोधाभास म्हणजे काय? एकेकटी खरी वाटणारी, पण एकत्र नांदू न शकणारी विधाने. इथे सगळे दोनच विधाने सांगतात. पहिले, वनस्पतिप्लवक ऋतूनुसार खूप बदलतात. दुसरे, प्राणिप्लवक बदलत नाहीत. पण बघा, या दोन विधानांत काहीच विरोध नाही! आमच्या गल्लीत आंब्याचा भाव महिन्यागणिक बदलतो आणि माणसांची संख्या बदलत नाही. त्याला कोणी विरोधाभास म्हणत नाही. विरोध उभा राहायला तिसरे विधान लागते, आणि ते कोणी उच्चारत नाही : प्राणिप्लवक वनस्पतिप्लवकांवर जगतात, म्हणून एकाचे प्रमाण दुसऱ्याच्या मागोमाग चालले पाहिजे. कोडे आहे ते या न बोललेल्या तिसऱ्या वाक्यात.

हे तिसरे वाक्य आले कुठून? उत्तर अटलांटिकमधून. तिथे कॅलॅनस फिनमार्किकस नावाच्या कोपेपॉडावर पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास झाला. शीना मार्शल आणि ए. पी. ऑर यांनी स्कॉटलंडमध्ये याच एका वंशावर आयुष्य वेचले. 1955 चे त्यांचे पुस्तक आजही आदराने उघडले जाते. त्या समुद्रात हिवाळा काळोखा असतो. वसंतात उजेड वाढतो, डायटमांचा बहर येतो, कॅलॅनस वर येतो, खातो, अंडी घालतो. बहर आणि भूक हातात हात घालून चालतात.

आपल्या न्यायशास्त्रात याला चांगले उत्तर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती बिनशर्त. पण जिथे अग्नी तिथे धूर, ही नाही. कारण तिथे ओल्या सरपणाची अट लपलेली असते. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. ‘जिथे वनस्पतिप्लवकांचा बहर, तिथेच प्राणिप्लवकांची वाढ’ ही व्याप्तीही सोपाधिक आहे. तिची उपाधी म्हणजे उत्तरेकडचा काळोखा हिवाळा आणि थंड पाणी. अरबी समुद्रात उजेड बारा महिने आहे. उपाधी काढून घेतली, तर नियमाने टिकून का राहावे?

आणि खरे सांगायचे तर, नियमाच्या माहेरीही तो नीट पाळला जात नाही. कॅलॅनस उन्हाळ्याच्या उत्तरार्धात प्रौढ होण्याच्या एक पायरी अलीकडे थांबतो, शेकडो मीटर खोल उतरतो आणि कित्येक महिने काही खात नाही. अंगातल्या तेलाच्या पिशवीवर जगतो. वर्षाचा मोठा भाग जो प्राणी जेवतच नाही, त्याचे अस्तित्व रोजच्या अन्नाच्या मापाने कसे मोजणार? आपल्या समुद्राच्या पश्चिमेलाही असा एक आहे. कॅलनॉइडिस कॅरिनॅटस या नावाने ओळखला गेलेला कोपेपॉड सोमालियाच्या किनाऱ्याशी मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत वर येऊन खातो आणि हंगाम सरला की खोल जाऊन निजतो. भूक ही गोष्ट ऋतूची आहेच. पण प्रत्येक प्राण्याचा ऋतू वेगळा.

तिसऱ्या वाक्याच्या पोटात आणखी एक शब्द दडलेला आहे : चरणे. प्राणिप्लवक ‘चरतात’ असे सर्रास लिहिले जाते. समुद्र म्हणजे कुरण, वनस्पतिप्लवक म्हणजे गवत, कोपेपॉड म्हणजे गुरे. रूपक सुरेख आहे, आणि म्हणूनच धोक्याचे. याच्याच जोडीला दुसरे रूपक होते चाळणीचे : कोपेपॉड तोंडाजवळच्या केसाळ अवयवांतून पाणी गाळतो आणि जे अडकेल ते गिळतो. पुस्तकांत हे वर्षानुवर्षे होते. मग वेगवान कॅमेऱ्याने चित्रण झाले. 1981 मध्ये मिमी कोल आणि रूडी स्ट्रिकलर यांनी दाखवले की एवढ्याशा जिवाला पाणी पाण्यासारखे लागतच नाही, काकवीसारखे लागते. त्या केसांच्या फटींतून ते सहज आरपार जात नाही. कोपेपॉड पाण्याचा प्रवाह स्वतःकडे ओढतो, त्यात अन्नकण आल्याचे त्याला कळते, आणि तो अवयव उघडून तो कण भोवतीच्या पाण्यासकट धरतो. ही चाळणी नव्हे, घास घेणे आहे!

घास घेणारा निवड करतो. अकार्शिया टोन्सा नावाच्या कोपेपॉडावरचे 1996 चे प्रयोग बघा. समोर डायटम जास्त असतील तर तो पाणी ओढून खातो. समोर हलणारे सिलिएट जास्त असतील तर तो निवांत दबा धरून बसतो आणि झडप घालतो. तोच प्राणी, तेच पोट. पण ताटात काय आहे त्यावर तो गुराखा होतो किंवा शिकारी. भाकड दिवसांत गवत नाही म्हणून गुरे मेली पाहिजेत, असे म्हणणाऱ्याने आधी विचारले पाहिजे : ही गुरे आहेत हे ठरवले कोणी?

इथे मधुप्रतापांच्या बाजूने बोलायला हवे. त्यांनी नुसते कोडे घातले नाही, उत्तरही सुचवले. भाकड दिवसांत पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यावर जीवाणू वाढतात, जीवाणूंना एकपेशीय प्राणी खातात, आणि त्यांना कोपेपॉड. या वाटेला 1983 पासून ‘मायक्रोबियल लूप’ म्हणतात. जीवाणू कोपेपॉडाच्या हाती सहसा लागत नाही, तो फारच लहान. पण जीवाणू खाऊन पोसलेला सिलिएट लागतो. म्हणजे त्यांनी तिसऱ्या वाक्यावरच बोट ठेवले होते. याबद्दल आम्हाला त्यांचा फार आदर वाटतो.

तरीही उत्तर जसेच्या तसे स्वीकारायला एक अडचण आहे. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर बहुतेक ऊर्जा खर्ची पडते. ठोकळमानाने दहावा हिस्सा पुढे जातो. मधे दोन पायऱ्या वाढल्या, तर कोपेपॉडाच्या वाट्याला जास्त नव्हे, कमी येईल. मुळात उत्पन्न कमी आणि वरून दलाल दोन जास्त! मग तेवढीच माणसे कशी पोसली जातील? एक सुसंगत वाट अशी की हे द्रव्य मागच्या हंगामाचे उरलेले असावे. घरात आदल्या सुगीचे धान्य असावे. असे असेल तर कोड्याचे मूळ अन्नात नसून काळात आहे. आपण मे महिन्याचा प्राणी मे महिन्याच्या बहराशी ताडून बघत होतो, आणि तो फेब्रुवारीचे खात होता. लूपचे नाव घेतले की प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांनी हा हिशेब मांडलेला आम्हाला क्वचितच दिसतो.

आता दुसऱ्या विधानाकडे. ‘प्राणिप्लवक बदलत नाहीत’ म्हणजे नेमके काय बदलत नाही? एका वेळी जाळ्यात सापडणारे वस्तुमान. एखाद्या खाणावळीत दुपारी केव्हाही डोकावा, पंचवीसच माणसे बसलेली दिसतील, कारण बाकडी तेवढीच आहेत. म्हणून रोज पंचवीसच माणसे जेवतात काय? एका दिवशी पंगत पाच वेळा उठते, दुसऱ्या दिवशी दोनदा. उष्ण पाण्यात लहान कोपेपॉडाची पिढी काही आठवड्यांत उरकते. बहरात ते भराभर जन्मतात आणि तितक्याच भराभर माशांच्या पोटात जातात. साठा तोच, ओघ वेगळा. साठ्यावरून ओघाचे अनुमान करणे हा सरळसरळ हेत्वाभास आहे.

शिवाय मोजले कशाने? 1960च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत ठरावीक मापाचे जाळे दोनशे मीटरवरून वर ओढत. भोके मिलिमीटरच्या साधारण एक तृतीयांश. सापडलेल्या जिवांनी किती पाणी बाजूला सारले, त्यावरून प्रमाण ठरे. पण जेलीसारखे पारदर्शक प्राणी जवळजवळ सगळे पाणीच असतात. मूठभर कोपेपॉड आणि मूठभर जेली या मापात सारखेच! भोकांतून निसटणारे एकपेशीय प्राणी तर मोजणीतच नाहीत. आणि काल्बेट व लँड्री यांनी 2004 मध्ये जगभरचे आकडे एकत्र केले तेव्हा दिसले की वनस्पतिप्लवकांच्या रोजच्या उत्पादनापैकी सरासरी 60 ते 75 टक्के हेच निसटणारे खातात. ज्यांची मोठी पंगत, त्यांनाच वगळून आपण जेवणाऱ्यांची शिरगणती केली.

कोणी म्हणेल, प्राध्यापक, शब्दांचा कीस काढून काय मिळवले? आम्ही सांगतो. या शतकाच्या सुरुवातीपासून उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात नॉक्टिल्युका नावाच्या एका जिवाचे प्रचंड हिरवे बहर येऊ लागले आहेत. हा जीव डायटम खातो, आणि त्याच्या पोटात जिवंत हिरव्या पेशी नांदतात, त्या प्रकाशावर अन्न करतात. हा गवत की गुरू? आकाराने कोपेपॉडाएवढा, म्हणजे त्याच जाळ्यात सापडणारा. पण कोपेपॉड त्याला फारसे खात नाहीत. खातात ते साल्पसारखे जेलीचे प्राणी. म्हणजे डायटम, कोपेपॉड, बांगडा ही जुनी वाट मोडून दुसरीच वाट पडू शकते, आणि तरीही आपल्या मापात साठा ‘स्थिर’ दिसू शकतो. ‘अरबी समुद्राचा स्वभावच असा, इथे आकडा बदलत नाही’ असे म्हणत आपण स्वस्थ बसू, आणि आकड्याच्या आतली सगळी माणसे बदललेली असतील. याची किंमत आम्ही व्याख्याते देणार नाही. ती किनाऱ्यावर होडी लोटणारा देईल.

नावाने काहीच साधले नाही, असे आमचे म्हणणे नाही. ‘विरोधाभास’ या शब्दाने लोकांना थांबवले, विचारायला लावले. चांगल्या कोड्याचे ते पहिले काम. पण कोड्याला घर करून राहू देऊ नये. आमचा निष्कर्ष साधा आहे. समुद्र स्वतःशी कधी विसंगत नसतो. विसंगती आपल्या तीन वाक्यांत असते, आणि त्यातले जे वाक्य आपण उच्चारत नाही, ते आधी तपासायचे असते. यापुढे ‘प्राणिप्लवक किती आहेत’ या प्रश्नाआधी ‘कोण, कोणत्या महिन्यात, कुठल्या थरात, काय खातो आहे’ हा प्रश्न विचारला जावा. त्याला उत्तर द्यायला श्रम जास्त लागतात, जहाजे जास्त लागतात, आणि सुबक नाव मिळत नाही. तरी तोच प्रश्न योग्य आहे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.