फुकट ते पौष्टिक

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. (हे मुद्दाम सांगावं लागतं.) किंमत जास्त मोजली की मालात काहीतरी जास्त मिळतं, असं आम्हांला कॉलेजात शिकवलं होतं. शिकवणाऱ्या सरांनी ई-मेलचं सॉफ्टवेअर पाहिलेलं नव्हतं.

आमच्या बँकेनं तसलं एक घेतलंय. दरसाल, माणशी पैसे मोजून. नाव सांगत नाही; निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत. घरी मी थंडरबर्ड वापरतो. त्याला मी छदाम दिलेला नाही, तरी ते मला जावयासारखं वागवतं. ज्याचे पैसे दिलेत ते मात्र आश्रितासारखं.

साधी गोष्ट घ्या. घरचं हे पाखरू माझ्या तिन्ही पत्त्यांचं टपाल एका ताटात वाढतं. ऑफिसात शाखेची पेटी वेगळी, माझी वेगळी, आणि मी ज्या पेटीत बघत नाही नेमकी तिच्यातच हेड ऑफिसची 'तातडीची' पत्रं येऊन पडतात. पण हे चालवून घेऊ. दोन खिडक्या सांभाळायची कारकुनाला सवय असते.

गेल्या पावसाळ्यात एक बाई आल्या. नवरा वारलेला, खातं त्याचं, नॉमिनी ह्या. दाव्याचा फॉर्म तुमच्या पुतण्याला ई-मेलनं पाठवतो, म्हटलं. पाठवला. 'सोबत फॉर्म जोडला आहे' असं स्वच्छ मराठीत लिहिलं. फॉर्म तेवढा जोडायचा राहिला. आठ दिवसांनी बाई एस्टीचा दोन तासांचा प्रवास करून, भिजून पुन्हा काउंटरवर.

"सायेब, फारम आलाच न्हाई. पुतण्या म्हनतो, नुसतं 'सोबत' आलंय."

"मावशी, बसा," म्हणून चहा मागवला आणि फॉर्म माझ्या हातानं भरून घेतला. त्या रागावल्या नाहीत. उलट जाताना म्हणाल्या, "तुमाला लई तरास दिला." त्यापेक्षा मेमो बरा.

चूक माझीच. पण थंडरबर्ड अशा वेळी हात धरतं. पत्रात जोडपत्राचा उल्लेख आहे आणि जोडलेलं काहीच नाही असं दिसलं, की विचारतं, "अहो, विसरलात का?" कोणते शब्द पाहायचे ती यादीही आपल्याला वाढवता येते, मी तिच्यात 'सोबत' घालून ठेवलाय. ही सोय तिथं २००९ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून आहे. विकतच्यांत सर्वांत नावाजलेलं आऊटलुक. त्यात ती २०१३च्या आवृत्तीत आली. आमच्या बँकेत अजून यायची आहे. जीमेलनं तर २०१५ साली पाठवलेलं पत्र तीस सेकंदांपर्यंत अडवून धरायची सोय सरसकट सगळ्यांना दिली. फुकट! तीस सेकंदांत माझ्यासारख्याला घाम फुटून तो पुसूनही होतो.

असं का होतं, यावर मी लंच टाइमात पुष्कळ विचार केला आहे. विकतचं सॉफ्टवेअर जो घेतो तो ते वापरत नाही, आणि जो वापरतो त्याला कोणी विचारत नाही. ते हेड ऑफिसातली समिती घेते. सुरक्षा, ऑडिट, जुनी पत्रं जपून ठेवणं, असल्या रकान्यांपुढे समितीला बरोबरच्या खुणा हव्या असतात, आणि त्या तिथं आहेत, नाकारत नाही. पण समितीतल्या साहेबांची पत्रं त्यांचे पी.ए. लिहितात. स्थळ मामांनी पसंत केलं, संसार मी करतोय. फुकटवाल्याला मात्र थेट मलाच पटवावं लागतं.

आता फुकटातही खर्ची पडतंच, हे मला खात्यांची दोन्ही पानं ठाऊक असल्यामुळे कळतं. जीमेल जाहिरातींवर पोसलेलं. जाहिरातींसाठी पत्रांतला मजकूर चाळणं बंद करत असल्याचं गूगलनं २०१७ साली जाहीर केलं. तोवर चाळतच होते. थंडरबर्ड देणग्यांवर चालतं. देणगीची विनंती झळकली, की मी ती चौकट शांतपणे मिटतो.

अखेर धीर करून हेड ऑफिसला कळवलं: 'जोडपत्राची आठवण करून देणारी सोय आपल्या यंत्रणेत असावी. सविस्तर टिपण सोबत जोडले आहे.'

चौथ्या दिवशी उत्तर आलं: 'आपल्या पत्रासोबत काहीही जोडलेले आढळले नाही.'