जाड खांब, केसाएवढी रेघ

रोमन टंकांमध्ये 'फॅट फेस' नावाचं एक गुटगुटीत घराणं आहे. त्यातलं मोठं 'एम' पाहावं: उजवा खांब काळाभोर नि रुंद, डावा जेमतेम केसाएवढा, आणि पायाशी तेवढीच पातळ सेरिफ, म्हणजे टोकाची आडवी रेघ. जाड आणि बारीक यांतली ही दरी हाच या टंकाचा दिमाख आणि हीच त्याची अडचण.

पातळ रेघेची हौस आधी पुस्तकांत भागवली गेली. पार्म्यात जांबातिस्ता बोदोनी आणि पॅरिसमध्ये दिदो घराणं यांनी ती नजाकतीच्या टोकाला नेली. बोदोनीच्या टंकांचा 'मान्युआले तिपोग्राफिको' हा दोन खंडांचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, 1818 मध्ये, पत्नीने प्रसिद्ध केला. लंडनला मात्र नजाकत नको होती, लक्ष वेधायचं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट थॉर्न या टंककाराने बारीक रेघ तशीच ठेवून खांब तेवढे फुगवले. लॉटरीच्या आणि नाटकांच्या जाहिराती या अक्षरांनी भिंतींवरून ओरडू लागल्या. थॉर्ननंतर त्याची टंक ओतण्याची फाउंड्री विल्यम थॉरोगुडने विकत घेतली. तीही लॉटरीत लागलेल्या पैशांतून, असं म्हणतात.

पुढे 1928 मध्ये अमेरिकेत मॉरिस फुलर बेंटनने 'अल्ट्रा बोदोनी' काढला. आज 'अब्रिल फॅटफेस' फुकट मिळतो, त्यामुळे हॉटेलाच्या मेनूपासून लग्नपत्रिकेपर्यंत तो कुठेही भेटतो.

बिघडतं ते इथेच. पोस्टरवर झळकणारी रेघ मोबाइलवर विरते आणि उरतात नुसते सुटे काळे ठोकळे. धातूच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक मापाचा ठसा वेगळा कोरला जाई, लहान मापात रेघ थोडी जाड ठेवली जाई. संगणकाने एकच आराखडा ताणायची सवय लावली. म्हणूनच 'हार्पर्स बझार' या फॅशन मासिकाच्या 1992 च्या नव्या रूपासाठी जोनाथन हॉफ्लरने 'दिदो' टंक सात वेगवेगळ्या मापांसाठी आखला, हे महत्त्वाचं. ती शिस्त फुकट फाँटच्या गर्दीत क्वचितच दिसते.

देवनागरीत पेच आणखी वाढतो. बोदोनीच्या हिशेबात उभं ते जाड, आडवं ते बारीक. तिरप्या कापाच्या बोरूने मात्र काना आणि शिरोरेषा दोन्हींना वजन येतं. बोदोनीचा नियम जसाच्या तसा लावला, तर शब्द बांधून ठेवणारी शिरोरेषाच धागा होऊन बसते. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'रोझा वन' बोदोनी आणि व्हिक्टोरियन जाहिरातींची आठवण ठेवून हा टोकाचा जाड-बारीकपणा देवनागरीत आणतो. तो मोठ्या मथळ्यांसाठीच घडवला आहे, आणि तिथे शोभतोही.

मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मोदक' टंक दुसरी वाट धरतो. त्याला सेरिफ नाहीत, बारीक शाईची रेघही नाही. अक्षर इतकं फुगवलं आहे, की केसाएवढी उरते ती आतली पांढरी फट. अक्षर वाचलं जातं ते त्या फटीमुळे.