तांड्याच्या इतिहासाचीं साधनें

पाथर्डी तालुक्यांत वंजारी समाजाची वस्ती मोठी आहे. बैलांवर धान्य व मीठ लादून नेणें हा या समाजाचा पूर्वापार धंदा होता, असें सांगितलें जातें. परंतु तांड्यांविषयीं जें छापलेलें आहे, त्याची परीक्षा क्वचितच होते. ती येथें थोडक्यांत करावयाची आहे.

पहिलें साधन प्रवाशांचें. पीटर मंडी यास 1632 मध्यें आग्र्याहून पाटण्यास जातांना 14,000 बैलांचा तांडा भेटला. टॅव्हर्निये हा धान्य, तांदूळ, डाळ व मीठ वाहणारे चार वर्ग सांगतो. दोघांचीही साक्ष प्रत्यक्षदर्शी, म्हणून मोलाची. पण भाडें काय, बैल कोणाचे, कर्ज कोणाचें, हें वाटसरूस दिसत नाहीं.

दुसरें साधन लष्करी. 1803 मध्यें अहमदनगर घेणाऱ्या वेलस्लीची भिस्त ‘ब्रिंजाऱ्यां’च्या धान्यावर होती. कॅप्टन ब्रिग्ज याचा 1819 चा निबंधही अशाच एका सैनिकाचा. ‘ब्रिंजारी’ या एका शब्दाखालीं लमाण व वंजारी यांची सरमिसळ झाली. फौजेस धान्याशीं काम होतें. तें आणणारा कोण, याच्याशीं नव्हे.

तिसरें साधन कंबरलेज या पोलीस अंमलदाराचें, 1882 चें. भंगी व जंगी नाईकांचे 1,80,000 बैल आसफखानाच्या विजापूरच्या स्वारींत होते, आणि त्यांस दिवसास तीन खून माफ करणारा सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट मिळाला, ही कथा त्यानेंच नोंदविली. पुढील लेखकांनीं ती जशीच्या तशी उचलली. मंडीच्या आंकड्याशेजारीं हा आंकडा ठेवला कीं शंका येते. शिवाय पटांत नांव आसफजाहाचें. ही पदवी 1725 मध्यें मीर कमरुद्दीन निजामासही मिळाली होती. तेव्हां प्रस्तुत कथा परंपरा म्हणून जपावी, पुरावा म्हणून वापरूं नये.

याच्या उलट उदाहरण कॅनडाचें. तेथील फरच्या व्यापारांत फ्रेंच नावाडी सुमारें 90 पौंडांचीं दोन गांठोडीं एका खेपेस पाठीवर घेऊन धबधबे ओलांडीत. त्यांस व्हॉयाजर म्हणत. तेही बहुतेक निरक्षर, आणि त्यांच्या गाण्यांचें कौतुकही धन्यांनींच लिहिलें. परंतु माँट्रियलच्या नोटरींपुढें झालेले त्यांचे हजारों करार शिल्लक आहेत. त्यांत वेतन, उचल व मुदत लिहिलेली असून खालीं सहीऐवजीं फुलीची निशाणी आहे. गाण्यांनीं झांकलेलें कर्ज या फुल्यांनीं उघडें पडतें.

आपल्याकडेही जकातीचे कागद व घरोघरच्या चोपड्या याच दृष्टीनें पाहिल्या पाहिजेत. 1878 मध्यें दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला. अशा मार्गांनीं लदणीचा धंदा ओसरला. आज याच तालुक्यांतून दरसाल ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन निघतात. त्या उचलीचे कागद आज जपले नाहींत, तर उद्यांच्या संशोधकासही ताम्रपटाची कथाच तेवढी हातीं लागेल.