ब्रॅडफर्डच्या ग्रंथातील दोन शब्द

विल्यम ब्रॅडफर्डने १६३० मध्ये लिहावयास घेतलेल्या ‘ऑफ प्लिमथ प्लांटेशन’ या ग्रंथाचे मर्म दोन शब्दांत साठलेले आहे. इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून फुटून निघालेली ही मंडळी १६०८ च्या सुमारास हॉलंडमध्ये गेली आणि १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजाने अमेरिकेस निघाली. लायडन सोडतानाच्या प्रसंगी ब्रॅडफर्ड त्यांना ‘पिल्ग्रिम’ म्हणतो. त्याचे ‘यात्रेकरू’ हे रूढ भाषांतर फसवे आहे. यात्रेकरू तीर्थाहून घरी परततो. ‘वारी’ या शब्दातच येणेजाणे आहे. ब्रॅडफर्डचा शब्द बायबलातून आलेला असून त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘परका’ असा आहे. ज्याचे घर या पृथ्वीवरच नाही, तो पिल्ग्रिम.

ग्रंथनामातील ‘प्लांटेशन’ हा शब्द याच्या नेमका उलट. त्यात लागवड आहे, वसाहत आहे, भूमीवर मूळ धरणे आहे. पहिल्या हिवाळ्यात निम्मी माणसे दगावली, तेथवर पहिला शब्द टिकतो. पुढे गुरांना भाव आला, जमिनीसाठी लोक पांगले. तेव्हा ब्रॅडफर्ड आपल्या चर्चला लेकरांनी टाकलेल्या वृद्ध मातेची उपमा देतो. त्याचे गद्य येथे सर्वाधिक हृद्य झाले आहे.

परंतु जे त्याला ओसाड अरण्य वाटले, तेथेच साथीने निर्मनुष्य झालेले पटक्सेट गाव होते. स्क्वांटो हा त्याच गावचा, हे ब्रॅडफर्ड स्वतः नोंदवितो. मात्र या भूमीवर परका कोण, हा प्रश्न तो विचारीत नाही. ग्रंथाची मर्यादा हीच होय.