बोरिवलीची मुसळी आणि ‘नामशेष’ हा सैल शब्द

वनौषधींवरील शालेय तक्ते आणि प्रकल्पवह्या चाळल्या की एक वाक्य हमखास आढळते : ‘अतिवापरामुळे ही वनस्पती नामशेष होण्याच्या मार्गावर आहे.’ हिमालयातील कुठ आणि जटामांसीपासून आपल्याकडील सफेद मुसळीपर्यंत सर्वांना हे एकच वाक्य चिकटवलेले असते. हेतू चांगला आहे. पण विज्ञान म्हणून हे विधान अपुरे आहे. कोणती जाती, कोणत्या प्रदेशात, किती काळात, किती घटली, या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्यात नसते.

ही उत्तरे कशी द्यावीत याचे नियम उपलब्ध आहेत. आय.यू.सी.एन. या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने १९९४ मध्ये संख्यात्मक निकष स्वीकारले आणि २००१ मध्ये ते सुधारले. त्यांपैकी एक निकष असा : दहा वर्षे किंवा तीन पिढ्या, यांपैकी जो काळ मोठा असेल त्या काळात संख्या किमान ३० टक्के घटली तर जाती ‘असुरक्षित’, ५० टक्के घटली तर ‘संकटग्रस्त’ आणि ८० टक्के घटली तर ‘अतिसंकटग्रस्त’. कुठ आणि जटामांसी या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहेत.

मुसळीचे काय? तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर सांतापाव यांनी फर्नांडिस यांच्यासह १९५५ मध्ये ही जाती विज्ञानाला नव्याने सांगितली आणि बोरिवलीचे नाव तिला दिले. पण नावात बोरिवली आहे म्हणून ती बोरिवलीपुरतीच आहे असे नाही. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश येथील जंगलांतही ती आढळते. काही राज्यांपुरत्या केलेल्या मूल्यांकनांत तिला संकटग्रस्त ठरवले गेले आहे. तो निष्कर्ष त्या राज्यापुरता असतो. तो साऱ्या जातीला लावणे, किंवा उलट ‘इतरत्र भरपूर आहे’ म्हणून बोरिवलीची चिंता सोडणे, या दोन्ही चुकाच.

दुसरी अडचण बाजारी नावाची आहे. ‘सफेद मुसळी’ म्हणून क्लोरोफायटमच्या अनेक जाती विकल्या जातात. शतावरीच्या प्रजातीतील एका वनस्पतीची मुळेही त्याच नावाने खपतात. त्यामुळे विक्रीच्या आकड्यांवरून या एका जातीची जंगलातील स्थिती कळत नाही.

धोका मात्र खरा आहे, आणि तो वनस्पतीच्या जीवनक्रमातून समजतो. पहिल्या पावसाबरोबर पाने फुटतात. पावसाळा संपता संपता ती पिवळी पडून गळतात आणि मांसल मुळ्या पुढच्या पावसाची वाट पाहत जमिनीखाली राहतात. पाने गळल्यावर झाड सापडत नाही, म्हणून ती असतानाच खणण्याचा मोह होतो. बियांची उगवण कमी असते. मुळ्यांच्या डोक्याशी असलेला डोळ्यांचा भाग उपटला गेला की रोप संपले. याउलट पावसाळ्यात उपनगरांतील बाजारात येणारी फोडशीची भाजी म्हणजे याच प्रजातीतील रोपांची पाने. ती खुडली तरी मूळ शिल्लक राहते. म्हणजे ‘वापर’ या एका शब्दात दोन अगदी भिन्न क्रिया दडल्या आहेत.

‘लागवड केली की वनस्पती वाचली’ हा तक्त्यांतील उपायही तपासून घ्यावा. गेल्या शतकाच्या अखेरीस मुसळीच्या लागवडीची लाट आली. पण आय.यू.सी.एन.चे निकष नैसर्गिक अधिवासातील झाडांना लागतात. शेतातील रोपे त्यांत मोजली जात नाहीत. लाहौलमध्ये कुठाची शेती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालू आहे, तरीही रानातली कुठ अतिसंकटग्रस्तच आहे. लागवडीने मागणीचा भार हलका होऊ शकतो. पण बेणे जंगलातून खणून आणले तर तो वाढतोच.

शिक्षकांनी मुलांना ‘नामशेष’ हा शब्द लिहू देण्यापूर्वी वरील चार प्रश्न विचारावेत. शाळेजवळच्या मोकळ्या जागेत एक चौकट आखून, काहीही न उपटता, तीच रोपे दर पावसाळ्यात मोजता येतील. राष्ट्रीय उद्यानात मात्र एक पानही तोडू नये. तीन-चार वर्षांची अशी वही कोणत्याही रंगीत तक्त्यापेक्षा अधिक मोलाची ठरेल. कारण तिच्यातले ‘घट’ हे मोजलेले असेल, ऐकलेले नव्हे.