संवर्धित वास्तव आणि झाकलेले वास्तव : जाहिरातीतील एका नव्या तंत्राची चिकित्सा

प्रस्तावना

वृत्तपत्रातील चित्र, रस्त्यावरील फलक आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरात या तिन्हींना एक चौकट असते. चौकटीच्या आतील जग विक्रेत्याचे आणि बाहेरील जग आपले, ही समज ग्राहकाला मुद्दाम द्यावी लागत नाही. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, म्हणजेच संवर्धित वास्तव, या तंत्राने ही चौकटच पुसट केली आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहताना ग्राहकाच्या स्वतःच्या चेहऱ्यावर चष्मा किंवा त्याच्याच दिवाणखान्यात सोफा दिसू लागला, की जाहिरात कोठे संपते आणि घर कोठे सुरू होते हे सांगणे कठीण होते. वाणिज्य व व्यवस्थापन शाखांत या तंत्राची चर्चा बहुधा विक्रीवाढीच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात या जाहिरातींचा विचार समीक्षेचा विषय म्हणून केला आहे आणि त्यांच्या कसोटीसाठी मुंबईच्या पूर्व उपनगरांतील देवनार हा परिसर निवडला आहे.

संज्ञा आणि तिचा मूळ हेतू

संवर्धित वास्तव ही संज्ञा १९९० च्या सुमारास बोइंग या विमान कंपनीतील संशोधक टॉम कॉडेल यांनी रूढ केली, असे मानले जाते. विमानातील तारांची जुळणी करणाऱ्या कामगाराला कोणती तार कोठे जावी हे प्रत्यक्ष कामाच्या फळीवरच दिसावे, असा त्यामागील हेतू होता. पुढे १९९७ मध्ये रोनाल्ड अझुमा यांनी या तंत्राची तीन लक्षणे सांगितली : खऱ्या व आभासी दृश्याचा मिलाफ, तत्क्षणी मिळणारा प्रतिसाद आणि त्रिमितीतील अचूक जुळणी. यांपैकी तिसरे लक्षण समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कामगाराच्या डोळ्यांसमोरील चित्र प्रत्यक्ष तारेशी जुळले नाही तर चूक तत्काळ उघड होते. तेथे आभासी थर वास्तवाला उत्तरदायी असतो. हे उत्तरदायित्व जाहिरातीत कितपत टिकते, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

उपभोग्य वस्तू : जुळणीच्या तीन परी

लेगो या खेळणी बनविणाऱ्या कंपनीने २०१० च्या सुमारास आपल्या दुकानांत एक पडदा बसविला. खोका त्यासमोर धरला, की आतील तुकड्यांपासून तयार होणारे खेळणे खोक्यावर उभे राहिलेले दिसे. हा उपयोग कल्पक होता आणि प्रामाणिकही; कारण दाखविलेले खेळणे मूल घरी जाऊन स्वतः जोडून पाहू शकत होते. आयकिया कंपनीच्या २०१७ मधील अ‍ॅपने ग्राहकाच्या खोलीत फर्निचर खऱ्या मापात ठेवून दाखविले. येथे आभासी सोफ्याने सौंदर्याबरोबर मापाचीही जबाबदारी घेतली. सोफा भिंतीला अडत असेल, तर ते पडद्यावरच कळावे अशी ही योजना होती.

दागिन्यांच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे आहे. कॅरेटलेनसारख्या भारतीय विक्रेत्यांनी कर्णभूषणे चेहऱ्यावर आभासी रीतीने घालून पाहण्याची सोय दिली. सराफाच्या पेढीवर मात्र दागिना तळहातावर घेऊन त्याचे वजन अजमावले जाते, फिरकी तपासली जाते, घडणावळीवरून घासाघीस होते. कॅमेऱ्यात केवळ शोभा उरते. वजन व कारागिरी दृष्टीआड होतात. खोटे काहीही सांगितलेले नसते, तरीही सांगण्यासारख्या गोष्टींपैकी एकच निवडलेली असते. संवर्धित वास्तवाचा प्रभाव त्याने घातलेल्या भरीइतकाच त्याने केलेल्या या निवडीत असतो.

भिंत बोलकी करणारा उपयोग

या निवडीचा वेगळा वापर ‘प्रियाज शक्ती’ या चित्रकथेत आढळतो. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर चित्रपटकार राम देविनेनी यांनी ही कल्पना विकसित केली. डॅन गोल्डमन यांच्या चित्रांसह ही चित्रकथा डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये सादर झाली. अत्याचारातून वाचलेली प्रिया ही ग्रामीण तरुणी पार्वतीच्या साहाय्याने उभी राहते, असे तिचे कथानक आहे. पृष्ठांवर व मुंबईतील भित्तिचित्रांवर ब्लिपार या अ‍ॅपसह मोबाइल धरला, की चित्र हलू लागे आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रियांच्या कथनापर्यंत वाचक पोहोचे.

येथील तंत्र जाहिरातीचेच आहे. लक्ष वेधणे, कुतूहल जागविणे आणि कृतीस प्रवृत्त करणे हे तिन्ही टप्पे त्यात आहेत. दिशा मात्र उलट आहे. रस्त्यावर जे घडते पण बोलले जात नाही, ते रस्त्याच्याच भिंतीवर उमटविले आहे. आभासी थराने स्थळ झाकलेले नाही, उघडे केले आहे. त्याचबरोबर या कृतीची मर्यादाही नोंदवावी लागते : २०१४ मध्ये स्मार्टफोन हाती नसलेल्या स्त्रीला ही भिंत मुकीच राहिली.

देवनारची कसोटी

सोफा परत करता येतो, दागिना मोडता येतो. घराच्या बाबतीत मात्र जन्माची कमाई पणाला लागते. बांधकाम व्यवसायात माहितीपत्रकावरील नकाशावर मोबाइल धरताच इमारतीची त्रिमित प्रतिकृती उभी करण्याचे तंत्र रुळले आहे. त्याची कसोटी देवनारसारख्या परिसरात लागते. येथे १९५४ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेचे आवार आहे. येथेच १९७१ मध्ये सुरू झालेला महापालिकेचा पशुवधगृह आहे. मुंबईचा कचरा १९२७ पासून जेथे टाकला जात आला ते क्षेपणक्षेत्रही येथेच आहे. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता. याच परिसरातील राज कपूर यांच्या बंगल्याची जागा २०२३ मध्ये एका बांधकाम कंपनीने निवासी प्रकल्पासाठी घेतली. लगतच्या चेंबूरमधील आर. के. स्टुडिओची जागा त्यापूर्वी, २०१९ मध्ये, याच मार्गाने गेली होती.

स्टुडिओचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. प्लायवूडचा महाल पाहणारा प्रेक्षक तिकीट काढून, अंधारात बसून तो पाहत असे. भ्रमाचा उंबरठा तो जाणीवपूर्वक ओलांडत असे. संवर्धित वास्तवात असा उंबरठा नसतो. देवनारमधील एखाद्या मोकळ्या भूखंडावर उभे राहून ग्राहकाने मोबाइल वर धरला, तर त्याला खऱ्याच आकाशाखाली, खऱ्याच रस्त्याकडेला मनोरा दिसू शकेल. कचऱ्याचा वास, वाऱ्याची दिशा, पाण्याची वेळ या गोष्टी कॅमेऱ्यात येत नाहीत. आकाश खरे असल्यामुळे मनोऱ्यालाही खरेपणा प्राप्त होतो आणि न दाखविलेले जणू नाहीच, असा समज दृढ होतो.

कायदा आणि पुरावा

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मध्ये जाहिरातीची व्याख्या कोणत्याही माध्यमातील प्रसिद्धीला कवेत घेण्याइतकी व्यापक आहे. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांतील असत्य विधानावर विसंबून पैसे भरलेल्या व नुकसान झालेल्या ग्राहकाला कलम १२ नुसार भरपाई मागता येते. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड अनिवार्य केला. त्यावरून प्रकल्पाची नोंदणीकृत माहिती पाहता येते. अझुमांच्या व्याख्येनुसार हे संवर्धित वास्तव नव्हे. तरीही त्याच मोबाइलच्या त्याच कॅमेऱ्यातून दोन थर ग्राहकापुढे येतात, एक मोहाचा आणि एक नोंदीचा, ही बाब अर्थपूर्ण आहे.

अडचण पुराव्याची आहे. छापील माहितीपत्रक कपाटात वर्षानुवर्षे राहते. आभासी थर कंपनीच्या सर्व्हरवर असतो व केव्हाही बदलता वा काढता येतो. ब्लिपार कंपनी डिसेंबर २०१८ मध्ये आर्थिक संकटात सापडून प्रशासकांच्या ताब्यात गेली. मेटा कंपनीने आपला स्पार्क एआर हा मंच १४ जानेवारी २०२५ रोजी बंद केला, तेव्हा विविध ब्रँडांनी त्यावर तयार केलेले इफेक्टही त्यासोबत गेले. समीक्षकाच्या दृष्टीने ही संहितेची हानी आहे. घर घेणाऱ्याच्या दृष्टीने ती वचनाच्या पुराव्याची हानी ठरू शकते.

निष्कर्ष

संवर्धित वास्तवाच्या जाहिरातीतील कल्पकता तिने काय भर घातली यावरून मोजणे अपुरे आहे. तिच्याखालील वास्तव दिसते राहिले की झाकले गेले, आणि दाखविलेले पडताळून पाहण्याची वाट ग्राहकाला उरली की नाही, या दोन बाबींवर तिचे मूल्य ठरते. खेळण्याचा खोका या कसोटीस उतरतो, दागिन्याचा आरसा अर्धाच उतरतो आणि भूखंडावरील मनोरा बहुधा उतरत नाही. म्हणून घरासारख्या वस्तूच्या बाबतीत दाखविलेला आभासी थर दिनांकासह जतन करून त्याची प्रत करारनाम्यासोबत ग्राहकास देणे बंधनकारक व्हावयास हवे. विमानाच्या तारा जोडणाऱ्या कामगाराला जे उत्तरदायित्व या तंत्राने आरंभी दिले, त्यावर देवनारमध्ये घर शोधणाऱ्या कुटुंबाचाही तितकाच हक्क आहे.